बटण मी फिरवलं नव्हतं

मी व्हर्नेलच्या स्वयंपाकघरातला ओव्हन बोलतोय. म्हणजे आज सकाळपर्यंत तिचा होतो. आता रॉयसच्या गाडीत मागे आडवा पडलोय, पट्ट्याने आवळलेला, भंगाराच्या वाटेवर. तापणं हे माझं कामच. पण गॅसची नळी काढून टाकल्यावरही मी आज जेवढा तापलोय तेवढा जन्मात तापलो नव्हतो.

"ओव्हन बिघडलाय," असं सगळ्या गोताने ठरवून टाकलं. मी बिघडलेलो नाही. आधी हे ऐकून घ्या, मग बाकीचं.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. पत्र्याची ठोकाठोक आणि रंगाचा वास, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते पूर्व टेक्ससमधल्या या घरात. हॉलिसने मला बायकोसाठी आणलं आणि व्हर्नेलने पहिल्याच दिवशी माझ्यात मक्याचा पाव भाजला. पुढे टर्की झाली, लेकीचे, डेनिटाचे, वाढदिवसाचे केक झाले. मी कधी कुरकुर केली नाही.

मान मात्र मला कधी मिळाला नाही. मान अंगणातल्या धुराच्या भट्टीला! हॉलिस तिच्यापाशी खुर्ची टाकून ओकची लाकडं सारत बसायचा. एकोणीस जूनला, आमच्या काळ्या माणसांच्या गुलामगिरीतून सुटकेच्या दिवशी, सगळं गोत या अंगणात त्याची ब्रिस्केट खायला जमायचं. ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचं मांस, महाचिवट. मंद आचेवर दिवसभर ठेवलं तर लोण्यासारखं होतं, घाई केली तर चपलेचा तळ. आणि त्या दिवशी मला काम काय? तर पाव गरम करायचे.

गेल्या हिवाळ्यात हॉलिस वारला. व्हर्नेलला दमा, डॉक्टरांनी धुराच्या जवळपासही फिरकायचं नाही म्हणून बजावलं. झालं, हॉलिसच्या धाकट्या भावाला, रॉयसला, आयतंच फावलं.

"वहिनी, यंदापासून जेवण माझ्याकडे," माझ्यासमोर पाय पसरून तो म्हणाला. "भट्टी माझी, लाकूड माझं. तू आपली कोबीची कोशिंबीर घेऊन ये."

"भावजी, मी लग्न होऊन आले तेव्हापासून गोत इथे जेवतंय. यंदाही इथेच जेवेल. मी ओव्हनमध्ये करीन."

रॉयस इतका हसला की त्याला ठसका लागला. "ओव्हनमध्ये! अगं, त्याला ब्रिस्केट नाही म्हणत, आजाऱ्याचं जेवण म्हणतात! हॉलिस थडग्यात कूस बदलेल."

"बदलू दे की. एका कुशीवर पडून अंग अवघडलं असेल त्याचं."

"बरं बाई. पण बिघडलं, तर पुढच्या वर्षीपासून माझ्या घरी. कायमचं. आहे कबूल?"

"कबूल."

ती ताठ मानेने म्हणाली खरी, पण तो गेल्यावर माझ्या दारावर हात टेकून बराच वेळ उभी राहिली. हॉलिसमागे या घरात माणसं यायची ती आता या एका दिवसाच्या निमित्ताने. तेही गेलं असतं तर बाईच्या दारात कोण येणार होतं? मी ठरवलं, जीव गेला तरी आच ढळू द्यायची नाही.

एकोणीस जूनच्या आदल्या दिवशी तिने मांसाला मीठ, जाडसर मिरपूड आणि लाल तिखट चोळलं, बाटलीतला धुराचा अर्क लावला. सकाळी चरबीची बाजू वर करून ते माझ्यात ठेवलं, खाली पाण्याचं भांडं. मी अशी मंद आच धरली की शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन बसला तो हलेनाच. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

आता या मांसाची एक खोड आहे. अर्ध्या वाटेवर ते अडून बसतं. त्याला घाम फुटतो आणि तो घामच त्याला गार ठेवतो. मांसात खुपसलेला उष्णता मोजायचा काटा तासन्‌तास हलत नाही. अशा वेळी एकच करायचं, थांबायचं. व्हर्नेलने मांस कागदात गुंडाळून परत ठेवलं आणि ती आंघोळीला गेली. रॉयसलाही हे सगळं ठाऊक आहे. स्वतःच्या भट्टीपाशी तो हातात बाटली घेऊन संतासारखा थांबतो. माझ्यापाशी मात्र त्याची अक्कल पेंड खायला गेली.

तो आत आला. धाडकन दार उघडलं, कागद टरकावला, खिशातला उष्णता मोजायचा काटा मांसात खुपसला. "अजून इथेच? या डबड्यात दमच नाही," म्हणाला आणि माझं बटण शेवटपर्यंत फिरवून निघून गेला. काटासुद्धा माझ्या डोक्यावर विसरून गेला, गाढव!

मला ओरडता येत नाही. सांगतील ती आच द्यावीच लागते. माझ्याच हातांनी मी ते मांस करपवलं.

व्हर्नेल धावत आली. तिने बटण पाहिलं. डोक्यावरचा काटा पाहिला. खिडकीतून अंगणात हसणाऱ्या रॉयसकडे पाहिलं. सगळं कळलं तिला, सगळं!

जेवताना सुऱ्या नुसत्या करकरत होत्या. "आई, जबडा दुखला गं," डेनिटा म्हणाली. रॉयस म्हणाला, "मी सांगत नव्हतो?" सगळे व्हर्नेलकडे बघायला लागले. आणि ती, जिच्यासाठी मी दिवसभर जळलो ती, ताटात बघत म्हणाली, "ओव्हन जुना झालाय. दगा दिला त्याने."

चोर सोडून संन्याशाला सुळी! रॉयसचं मला काही वाटलं नाही, तो तसाच आहे. पण तिच्या त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डेनिटाने आईसाठी नवा ओव्हन आणला आणि आज सकाळी काकाला बोलावून मला बाहेर काढलं.

पट्टा आवळताना रॉयस म्हणाला, "सुटलीस वहिनी. पुढच्या जूनला माझ्याकडे, लक्षात आहे ना?"

"जेवण इथेच होईल, भावजी. बटण तुम्ही फिरवलंत."

रॉयसचा हात थांबला. "अगं, मला वाटलं अडलंय... मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्या भावाशिवायचं पहिलं जेवण होतं. त्या दिवशी तमाशा नको होता मला. पुढच्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकाल तर बघा!"

रॉयस मान खाली घालून पुटपुटला, "बरं. इथेच."

डेनिटा पुढे आली. "म्हणजे ओव्हन चांगला होता?"

"चांगलाच होता."

"मग परत लावायचा का?"

व्हर्नेलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल.

"राहू दे. नवा लावून झालाय आता," ती म्हणाली आणि आत गेली. रॉयसने पट्टा पुन्हा आवळला.

तिचं अंगण तिला मिळालं. मिळायलाच हवं होतं, ते मी नाकारत नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलंच, तर माझ्या जागी बसलेल्या त्या नव्याला सांगा: बाई चांगली आहे, हात लावते तो मायेने लावते. पण मांस बिघडलं तर नाव तुझंच घेईल.