चार सेकंदांत मिटणारा प्रोग्रॅम

सकाळी आल्या आल्या ताईंनी मेलचा प्रोग्रॅम उघडला आणि तो आपोआप मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. कोपऱ्यात मात्र ऐटीत लिहिलेलं होतं: ‘अपडेट यशस्वी’. म्हणजे रात्रीतून कोणालाही न विचारता आयटीवाल्यांनी कारभार उरकला होता.

ताई त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर. गाठीचा कण काचपट्टीवर बघून ती साधी की घातक, हे सांगणं त्यांचं काम. एका शाळामास्तरीणबाईंचा रिपोर्ट आज बाराच्या आत शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना जायला हवा होता. बाई सकाळपासून उपाशीपोटी दवाखान्यात पडून होत्या. बारा वाजले की त्यांचं ऑपरेशनचं टेबल दुसऱ्याला, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी. फोनवरच्या शब्दावर सुरी धरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. स्वतःच्या फोनवरून रिपोर्ट पाठवायची तर सक्त मनाई. हा नियम पुन्हा आयटीवाल्यांचाच.

ताईंनी आयटीला फोन लावला. मशीन बंद करून चालू करा म्हणाले. ते तीनदा झालं होतं. मग तुम्ही कुठलं बटण दाबलंत, अशी उलटतपासणी झाली. ताईंची कानशिलं तापली. शेवटी प्रोग्रॅम काढून नव्याने टाकायला लावला. त्यात पाऊण तास गेला आणि पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात आयटीचा फोनवर निरोप आला, की तक्रारीचं निवारण झालं आहे.

हाताखालचे भाऊ हळूच म्हणाले, “ताई, पाणी घ्या थोडं.”

“पाणी नको. घड्याळ लावा. हा किती वेळ उघडा राहतो ते मोजू.”

चार सेकंद. दर वेळी चारच. ताई खुर्ची पुढे ओढून, काचपट्टी बघावी तशा पडद्याकडे बघत बसल्या. सातव्या वेळी त्यांना दिसलं. सगळ्यांत वरचा मेल आपोआप उघडत होता, त्यातलं चित्र अर्धं उमटत होतं, आणि तिथेच प्रोग्रॅम कोसळत होता. मेल आयटीचाच होता. उडणारं रॉकेट आणि खाली ओळ: ‘तुमचा मेल आता आणखी वेगवान!’

चित्र नेटवरून येत असणार. ताईंनी टेबलाखाली वाकून नेटची वायर उपटली आणि प्रोग्रॅम उघडला. चार सेकंद गेले, दहा गेले. रॉकेटच्या जागी नुसता रिकामा चौकोन. तो मेल त्यांनी उडवला, वायर जोडली आणि रिपोर्ट पाठवला. अकरा चाळीस. पाच मिनिटांत दवाखान्यातून फोन आला, की रिपोर्ट मिळाला, बाईंना आत घेतायत.

भाऊंनी सुस्कारा सोडला. ताईंचा राग मात्र आता कुठे पेटला होता. त्यांनी थेट आयटीच्या साहेबांना गाठलं आणि रॉकेटची हकीकत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. सगळ्या मजल्यांवर हीच बोंब आहे, लगेच बघतो म्हणाले. अर्ध्या तासाने उपाय आला. नेटची वायर काढा, अमुक मेल उडवा. शब्द न् शब्द ताईंचा, खाली नाव साहेबांचं. नावाचं ताईंना काही वाटलं नाही. पण तो उपाय मेलने आला होता.

त्यांनी पुन्हा फोन फिरवला.

“साहेब, ज्यांचा मेल उघडत नाही, त्यांनी हा कुठे वाचायचा?”

साहेबांनी विचारलं, मग सगळ्यांना फोन करायचा का.

“फोनवर तुमची माणसं मशीन बंद-चालू करायला सांगतात. पायी जा. प्रत्येक टेबलाशी वाका आणि वायर स्वतः काढा.”

साहेब गेले. दुपारी शेजारच्या खोलीत ते गुडघ्यांवर बसून टेबलाखाली चाचपडताना ताईंना दिसले. ताई थांबल्या नाहीत. पुढची काचपट्टी वाट बघत होती.