कमलाकांतांचं मनगट

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुणी समारंभ करतं, हे गिरगावातल्या त्यांच्या चाळीत दुर्गेने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मते अशा दिवशी देवीला नारळ फोडावा, शेवयांची खीर करावी आणि गप्प बसावं. पण कमलाकांतांच्या साहेबांच्या मनात आलं. कंपनीचा सगळा व्यवहार जपानशी, आणि तिथले तानाकासाहेब सपत्नीक माझगावला राहायला आलेले. त्यांची बायको कुंचल्याने अक्षरं काढायला शिकवायची. "जोडीने या, आमच्याकडून भेट समजा," असं साहेब म्हणाले आणि कमलाकांत आठवडाभर हवेत तरंगत होते.

"अहो, पण तुमचं मनगट?" दुर्गेने विचारलं.

"जायचं, चहा प्यायचा, यायचं. साहेबांना नाही कसं म्हणू?"

हे मनगट म्हणजे घरातलं जुनं दुखणं. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि समोरच्या खोलीतल्या आनंदीबाईंच्या रघुच्या पायात गोळी लागली. बरा होतो न होतो तोच तो लंगडत पुन्हा मोर्चाला जायला लागला. मोर्चाचे बोर्ड लिहायचे कुणी, तर कमलाकांतांनी. चाळीच्या गणपतीची पाटी त्यांचीच, सत्यनारायणाचं आमंत्रण त्यांचंच. समितीची मुलं रंगाचा डबा घेऊन दारात आली त्याच दिवशी कमलाकांतांचं मनगट धरलं. कचेरीतलं टायपिंग व्हायचं, पण कुंचला उचलला की म्हणे कोपरापर्यंत कळ.

दुर्गेने विश्वास ठेवला. सव्वादोन वर्षं तिने रोज सकाळी ते मनगट तेलाने चोळलं. त्यांना भात कालवून दिला आणि ते तो डाव्या हाताने, चमच्याने खात राहिले. नळावर बायका कुजबुजल्या, तेव्हा बादली आपटून ती भांडली. तेलसुद्धा आनंदीबाईंचं. रघुच्या पायासाठी गावाहून आलेली बाटली त्यांनी अर्धी करून आणून दिली होती. "माझ्या झिलाक पुरात गो. तुझ्या घोवाचो हात आधी बरो होऊ दे," त्या म्हणाल्या होत्या.

तानाकांच्या माझगावच्या घरात चटईवर कागद अंथरला होता आणि कमलाकांतांचे साहेबही हजर होते. साहेबांनी ठरवून टाकलं की बायकोने शाई उगाळायची आणि नवऱ्याने लिहायचं. शाईची काळी कांडी दगडावर पाणी घालून उगाळायची, सहाणेवर चंदन उगाळतात तशी. पण वास चंदनाचा नव्हता. कापराच्या आडून काहीतरी उग्र, कुजकट येत होतं.

"काजळी आणि सरस," साहेब कौतुकाने म्हणाले. "जनावराचं कातडं उकळून काढतात."

दुर्गेची बोटं काळी, चिकट झाली होती आणि पदराला पुसायचीही सोय नव्हती. तरी ती उगाळत राहिली. साहेबांपुढे नवऱ्याची शोभा नको.

तानाकाबाईंनी एक अक्षर काढून दाखवलं. साहेब म्हणाले, "हं, कमलाकांत. जरा आपला हात दाखवा यांना."

आता हे मनगटाचं सांगतील, असं दुर्गेला वाटलं. ती सावरायलासुद्धा तयार होती. कमलाकांतांनी बाही दुमडली, कुंचला शाईत बुडवला आणि एका दमात तसंच मोठं अक्षर काढलं. कुठे थरथर नाही, अडखळणं नाही. तानाकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्याखाली कमलाकांतांनी देवनागरीत साहेबांचं नाव लिहिलं, आधी 'श्रीमान' लावून, वेलबुट्टीसकट. दुसऱ्या कागदावर 'कमलाकांत – दुर्गा', आणि खाली सही, तारीख.

"वा! हात आहे की जादू!" साहेब म्हणाले.

"आपली कृपा," कमलाकांत म्हणाले आणि हसले. त्या हसण्याची दुर्गेला इतकी किळस आली, की मघाचा तो वासही तिला बरा वाटला. याच हाताला आपण तेल लावलं. लंगड्या पोराच्या वाट्याचं तेल!

परत येताना ती काळी बोटं पदरापासून लांब धरून चालत होती. "साहेब खूश झाले," कमलाकांत दोनदा म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे पाहून पुटपुटले, "अगं, नोकरी होती. बोर्डावरचं अक्षर ओळखलं असतं कुणी."

"मग तसं मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी लोकांशी भांडले नसते."

चाळीत शिरताच ती आनंदीबाईंच्या दारात गेली; कमलाकांत मागोमाग आले. आपल्या नावांचा कागद तिने रघुपुढे उलगडला. "हे यांनी लिहिलंय. आज." घरातून तेलाची बाटली आणून तिने उंबऱ्यावर ठेवली.

रघुने कागद उजेडाकडे धरला. "काका, अक्षर तसंच आहे हो," एवढंच तो म्हणाला. आनंदीबाई बाटलीकडे पाहत राहिल्या. कमलाकांतांचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला होता.

दुर्गेने साबणाने तीनदा हात धुतले. मग पान वाढलं: भात, वरण, लिंबू. चमचा ठेवला नाही. कमलाकांत पाटावर बसले आणि सवयीने हात मांडीवर ठेवून वाट बघू लागले.

"कालवा," ती म्हणाली. "आणि लवकर आटपा. रघु कोरे बोर्ड घेऊन येतोय, मी सांगितलंय त्याला."

त्यांनी उजव्या हाताने भात कालवला, अगदी सराईतपणे. दुर्गेने तोंड फिरवलं. तिला ते बघवेना.