मागच्या सीटचा निकाल

निरोप आला तेव्हा डॉक्टरांच्या चिमट्यात एका बाईंची अक्कलदाढ होती. फोन खिशात थरथरला. दाढ ताटलीत पडली, बाईंना ती निघाल्याचं कळलंही नाही, आणि डॉक्टरांनी हातमोजे काढून घाईघाईने निरोप वाचला. नवी हायब्रिड सेडान. बाजारात यायला अजून अवकाश, पण जुन्या ग्राहकांपैकी मोजक्यांना आधी चालवायला मिळणार. शनिवारी सकाळी, शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर. सोबत एकाला आणता येईल.

डॉक्टरांनी बाईंच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाले, "आठ सिलिंडर, आणि वर मोटर."

बाईंना तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

सोबत कोणाला न्यायचं हा प्रश्नच नव्हता. पिस्टनला. पिस्टन म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, पेशाने वकील. लहानपणी एका जागी बसायचा नाही, सारखा खाली-वर, म्हणून बहिणीने हे नाव ठेवलं होतं, आणि आता कोर्टातले लोकही त्याच्या पाठीमागे हेच नाव घ्यायचे. दोघं एकाच इमारतीत राहायचे, डॉक्टर चौथ्या मजल्यावर आणि पिस्टन दुसऱ्या. आणि दोघांत मिळून गाडी एक. एकेकट्याने घेतली असती तर परवडेल ती घ्यावी लागली असती. दोघांनी मिळून घेतली की मनातली घेता यायची. एक आठवडा गाडी वरच्याकडे, एक आठवडा खालच्याकडे. रविवारी संध्याकाळी एक जण दुसऱ्याकडे किल्ली द्यायला जायचा आणि जेवूनच परतायचा.

गाडी निवडताना मात्र दोघांचं कधी जमलं नाही. पिस्टनला इंजिनाचा आवाज पोटात जाणवला पाहिजे, स्टिअरिंग जड पाहिजे. डॉक्टरांना वेग हवा, पण कानाला त्रास नको. भांडण मिटायचं नाही म्हणून निकाल डॉक्टरांची बायको द्यायची. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण तिला गाडी लागायची. पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या कायम. ज्या गाडीत हिला मळमळलं नाही ती चांगली, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. शोरूमवाले एकच फेरी देत. एक जण चालवायचा, एक शेजारी, आणि ती मागे डोळे मिटून बसायची. उतरली की म्हणायची, "चालेल," नाहीतर, "नको." त्यावर अपील नव्हतं. वकिलालाही नव्हतं.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टर अजून पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपत होते. पिस्टन अजून रविवारी येत होता, पण बसेनासा झाला होता. मागच्या खेपेला दारातूनच म्हणाला, "भावोजी, ही गाडी आता काढून टाकू. शोरूमला बिनबॅटरीची शेवटची आठ सिलिंडर उभी आहे. मी माझी घेतो, तुम्ही तुमची घ्या. नवी बॅटरीवाली घ्यायची असेल तर ती घ्या."

"बघू," डॉक्टर म्हणाले होते.

पण बघण्यासारखं काय होतं ते त्यांना नीट दिसत होतं. किल्ली थांबली की पिस्टनही थांबणार. बहीण होती तोवर तो बहिणीकडे यायचा, आता किल्लीसाठी येतो. कारणाशिवाय दोन मजले चढून येणाऱ्यांतला तो नव्हे. त्याला ही नवी गाडी आवडली तरच भागीदारी राहील, नाहीतर एकाच इमारतीत दोन गाड्या उभ्या राहतील आणि दोन माणसं लिफ्टमध्ये भेटतील.

शनिवारी सकाळी डॉक्टर वेळेच्या आधीच खाली येऊन उभे होते. पिस्टन आला, आणि आठवडा त्याचा असल्यामुळे स्टिअरिंगवर बसला.

"मी येतोय ते नावं ठेवायला," त्याने गाडी सुरू करता करता सांगितलं.

"ठेव. तुझा जन्मच त्यात गेलाय."

"अडीच टन वजन आहे, भावोजी. सेडान नाही ती, कपाट आहे. कपाटाला चाकं लावलीत."

"ते कपाट साडेतीन सेकंदांत शंभरला पोचतं."

"पोचेल. पण वळेल का?"

"तेच बघायला चाललोय ना."

"आणि डिकी बघितलीत का? बॅटरीने अर्धी खाल्ली. दोन बॅगा ठेवल्या तर तिसरी मांडीवर."

डॉक्टर हसले. पिस्टनने सगळी माहिती पाठ केली होती. नुसती नावं ठेवायला कोणी इतका अभ्यास करत नाही, असं त्यांना वाटलं आणि जरा धीर आला.

धावपट्टीच्या फाटकावर फोनच्या कॅमेऱ्यांवर लाल चिकटपट्ट्या लावल्या गेल्या. आत तंबू होता, कॉफी होती, आणि हौशी मंडळी होती. एक गृहस्थ गाडीचं दार उघडून पुन्हा पुन्हा लावत होते आणि डोळे मिटून आवाज ऐकत होते. दुसऱ्याने घरून सूटकेस आणली होती, ती डिकीत आडवी जाते का उभी, हे तो करून बघत होता. एक बाई चामड्याच्या शिवणीवरून नखं फिरवत होत्या आणि टाके मोठे पडलेत म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता. तिघांपैकी एकानेही अजून इंजिनाबद्दल विचारलं नव्हतं.

"हे लोक गाडी घ्यायला आलेत की सोफा?" पिस्टन पुटपुटला.

आणि मग त्याचं बोलणं बंद झालं, कारण त्यांची गाडी समोर येऊन उभी राहिली. आवाज न करता. अंगभर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे खरा आकार कोणाला कळू नये. पण आकार लपत नव्हता. नाक लांब, छत मागे उतरत गेलेलं, मागची चाकं जरा जास्तच बाहेर आलेली. डॉक्टरांना आपल्या छातीत धडधड ऐकू आली. बऱ्याच दिवसांत ती अशी चांगल्या कारणाने झाली नव्हती.

गाडीतून कंपनीची ट्रेनर उतरली. तिशीची, केस घट्ट बांधलेले. "दोघांनाही एकेक फेरी मिळेल, सर. शेजारी मी बसणार. दुसऱ्या सरांनी मागे बसायचं."

दोघांनी मागच्या दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणीही ट्रायलला मागे बसलं नव्हतं.

"मी बसतो," डॉक्टर म्हणाले. "निकाल कोणीतरी द्यायला हवा."

पिस्टन स्टिअरिंगवर बसला. त्याने सीट पुढे-मागे केली, आरसा नीट केला, आणि दोन वेळा घसा साफ केला.

डॉक्टरांनी डोळे मिटले. ती मिटायची तसे.

आधी काहीच झालं नाही. मग लक्षात आलं की गाडी चालू आहे. नुसती मोटर होती. टायरखाली खडी बारीक वाजत होती, तेवढाच आवाज. मग कुठेतरी खाली, पाठीच्या मणक्याजवळ, इंजिन जागं झालं. धक्का देऊन नव्हे, कोणीतरी खोलीत येऊन हळूच बसावं तसं. ट्रेनर म्हणाली, "आता द्या, सर." आणि पिस्टनने दिलं.

डॉक्टर सीटमध्ये रुतले. हसू आपोआप फुटलं. पोट मागे राहिलं आणि बाकीचे डॉक्टर पुढे गेले, असं काहीतरी. आठही सिलिंडर एका सुरात चढत होती आणि तो सूर कानाला लागत नव्हता, पण बरगड्यांना कळत होता. पिस्टनला हवं ते आणि डॉक्टरांना हवं ते, दोन्ही एकाच वेळी. मग वळण आलं. अडीच टनांचं कपाट वाकलंसुद्धा नाही. मग ब्रेक, आणि गाडी थांबली ती कधी थांबली ते कळलं नाही. डॉक्टरांनी डोळे उघडून खात्री करून घेतली.

पुढून हसण्याचा आवाज येत होता. पिस्टन हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा.

"वळली," तो म्हणाला. बाकी काही नाही.

"चालेल," डॉक्टर मागून म्हणाले. "माझा निकाल, चालेल."

"घाई करू नका. अजून माझी पाळी आहे मागे बसायची."

जागा बदलल्या. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले आणि सगळं विसरले. मोटर, इंजिन, सरळ पट्टी, आकडे चढत चाललेले, दोन्ही बाजूंचं सुकं गवत एक रेघ झालेलं. वळणाआधी ब्रेक, वळणानंतर पुन्हा पाय. ट्रेनरने मध्येच दाराची मूठ धरली. शेवटच्या खुणेवर डॉक्टरांनी गाडी अशी थांबवली की रेषेच्या एक वीतही पुढे नाही. त्यांनी अभिमानाने मागे पाहिलं.

मागचं दार उघडं होतं. पिस्टन बाहेर गवतात उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून.

"काय रे, काय झालं?"

पिस्टनने एक हात वर केला, थांबा म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नको."

"काय नको?"

"गाडी नको. मळमळतंय."

डॉक्टरांचं पित्त खवळलं. "पाच मिनिटांपूर्वी खिदळत होतास. आता मुद्दाम करतोयस. तुला ती दुसरी घ्यायचीच आहे म्हणून."

"मुद्दाम कोणाला असा रंग येतो का? बघा तरी माझ्याकडे."

रंग खरंच कच्च्या पपईसारखा झाला होता. ट्रेनरने त्याला पाण्याची बाटली दिली आणि डॉक्टरांकडे वळून जपून म्हणाली, "सर, गाडी थांबते त्या शेवटच्या क्षणीही तुम्ही पाय तसाच दाबून धरता. थोडा सोडायचा असतो. गाडी थांबते, पण मागचा माणूस थांबत नाही. आणि ॲक्सिलरेटरही तुम्ही एकदम दाबता, एकदम सोडता."

"मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय."

"हो, सर," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघू लागली.

पिस्टन पाणी पिता पिता थांबला. वकिलाच्या चेहऱ्यावर साक्षीदार चुकला की येतो तसा भाव आला.

"भावोजी, ती चंदेरी गाडी. सहा सिलिंडरवाली. जिच्यासाठी आपण दोघं महिनाभर हळहळत होतो. ताईने नको म्हटलं. तेव्हा चालवत कोण होतं?"

डॉक्टरांना आठवलं. "मी."

"काळी? मोठ्या ग्रिलची?"

"मीच."

"आणि आत्ताची, जी घेतली?"

"तू. पण त्याचा काय..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्याच्या आधीची घेतलेली, तीही पिस्टनने चालवली होती. त्याच्या आधीचीही.

"तिला गाडी लागायचीच," ते म्हणाले. "लहानपणापासून. तिनेच मला सांगितलं होतं, लग्न झाल्या झाल्या."

"लहानपणापासून?" पिस्टन उठून उभा राहिला. "ताई बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून पुस्तक वाचायची. घाटात. आम्ही सगळे पिशव्या धरून बसलेलो आणि ही पानं उलटतेय. मला वाटलं लग्नानंतर सुरू झालं असेल काहीतरी, वयाने."

पलीकडे सूटकेसवाल्याची सूटकेस एकदाची आडवी गेली आणि त्याने टाळी वाजवली.

"मला कधी बोलली नाही ती," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "एकदा म्हणाली असती, तर मी शिकलो असतो."

"सगळं गाव म्हणतं तुमचा हात हलका. दाढ निघाली तरी कळत नाही. तिने कशाला सांगावं पाय जड आहे म्हणून? गाडीला नावं ठेवली, सुटली."

डॉक्टरांना हसायला आलं. हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. लग्नाच्या आयुष्यभर ती लिंबाच्या गोळ्या चघळत शेजारी बसली होती, खिडकी उघडी ठेवून, आणि उतरताना दर वेळी म्हणायची, आज लवकर पोचलो. ते खोटं नव्हतं. लवकर पोचायचे खरे.

"ती चंदेरी गाडी गेली रे आपली," ते म्हणाले. "तुझ्या हातात स्टिअरिंग असतं तर..."

"नका आठवण करून देऊ. सहा सिलिंडर, एका रांगेत." पिस्टनने तोंडावर पाणी मारलं आणि तो त्या नागमोडी पट्ट्यांच्या गाडीकडे बघत राहिला. ओल्या हाताने त्याने तिच्या छतावर एकदा थाप मारली, घोड्याला मारावी तशी. "माझा निकाल मी मागे घेतो. तो गाडीवर नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आवाज ऐकलात ना? बॅटरी असून असा आवाज. मला नावं ठेवायला जागा मिळेना हो. डिकी सोडून."

ट्रेनर टॅबलेट घेऊन आली. पहिल्या खेपेत नाव घालायचं असेल तर आजच सांगावं लागेल, गाडी हातात यायला आठ-नऊ महिने लागतील, असं म्हणाली. "नाव कोणाचं घालू?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण त्यांना विचारायचा धीर होईना. ते पिस्टनकडे बघत उभे राहिले.

"दोघांचं," पिस्टन म्हणाला. "त्यांचं आधी घाला, वयाने मोठे आहेत. आणि भावोजी, एक अट. आठ-नऊ महिने आहेत. रोज सकाळी मला कोर्टात सोडायचं. मी मागे बसणार. माझ्या पोटाने पास केलं तर नव्या गाडीला हात लावायचा."

"रोज?"

"रविवारीसुद्धा. कोर्ट नसलं तर नुसती चक्कर."

"तुला मळमळेल."

"ताईने काढलं ना एवढं आयुष्य? मी तिचाच भाऊ आहे."

परतताना पिस्टन आपल्या गाडीपाशी आला, किल्ली डॉक्टरांकडे फेकली आणि सरळ मागचं दार उघडून आत बसला. डॉक्टरांनी गाडी सुरू केली. पाय असा ठेवला, जसा भूल न दिलेल्या दाताला हात लावतात. पहिला सिग्नल आला. त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबता थांबता अंगठ्याएवढा सोडला. मागून काही आवाज आला नाही.

दुसऱ्या सिग्नलला आला.

"भावोजी."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "कळलं, पुढच्याला बघ."