तिसऱ्या प्रकरणातलं प्रेत

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी रहस्यकादंबरीकार व्हायचं ठरवलं. लोक म्हातारपणी बागेत रमतात किंवा गुडघ्यांबद्दल बोलतात. आमच्या घरात मात्र खुनाची तयारी सुरू झाली आणि मला त्याचा आनंदच झाला. कारण त्याआधी त्यांनी घराची तपासणी चालवली होती. जन्मभर रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. मी स्टुलावर चढले की हे धावत येऊन स्टूल धरायचे. गॅस पेटवला की मागे येऊन उभे राहायचे. माझ्या शिवणवर्गातल्या बायकांना कात्री एकमेकींच्या हातात कशी द्यावी यावर त्यांनी व्याख्यान झोडलं, तेव्हा दोघी वर्गच सोडून गेल्या. त्यामुळे हे टेबलाशी बसून लिहायला लागले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पहिली दोन प्रकरणं त्यांनी एका प्रकाशनाकडे पाठवली आणि चक्क तिथल्या संपादकबाईंचा फोन आला.

"काका, लिहिता छान. पण अजून कुणी मेलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या प्रकरणात प्रेत पाहिजे. सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर तुमच्या जागी मला दुसरं पुस्तक घ्यावं लागेल."

फोन ठेवून हे आरशासमोर गेले आणि लेखकासारखे दिसतो का ते बघून आले. किती दिवसांनी त्यांना असं बघत होते मी. निरोप समारंभाहून घरी आल्यापासून हा माणूस आतून विझत चालला होता आणि मला ते दिसत होतं. ही संधी हुकली तर ते पुन्हा येऊन माझं स्टूल धरतील, पण त्यांचं मन कशातच लागणार नाही.

म्हणून मी स्वतः त्यांच्या मागे लागले. आणि तिथेच घोडं अडलं, कारण ह्यांच्या हातून कुणी मरेना.

विषप्रयोग लिहिला, तर खुन्यानं आधी हातमोजे आणि चष्मा चढवला आणि बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष' असं लेबल लावलं. ज्याचा खून व्हायचा त्यानं ते वाचलं आणि आभार मानून तो घरी गेला. गोदामाला आग लावली, तर सगळे रांगेनं मागच्या दारानं बाहेर पडले आणि मैदानात त्यांची हजेरीसुद्धा झाली. गच्चीवरून ढकललेला माणूस खालच्या जाळीत पडला.

"गच्चीखाली जाळी कुठून आली?" मी विचारलं.

"काम चालू आहे ना इमारतीचं. जाळी लावावीच लागते."

"अहो, खुनी आहे तो. तुमच्या कारखान्यातला ठेकेदार नाही."

"म्हणून काय झालं?"

मी हात टेकले. शनिवारी माझे धाकटे दीर आले. त्यांना पुस्तकात यायची भारी हौस. "दादा, मला मार," ते म्हणाले. "मोटारीचे ब्रेक काढून टाक. गाडी दरीत, मी ठार. फक्त गाडी चांगली दे." ह्यांनी लगेच लिहायला घेतलं. तासाभरानं आम्ही वाचलं तर दिरांनी पट्टा बांधला होता आणि निघण्यापूर्वी ब्रेक तपासले होते.

"मी आयुष्यात कधी ब्रेक तपासलेले नाहीत," दीर म्हणाले आणि रुसून घरी गेले.

मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एक माणूस मारता येत नाही तुम्हाला? कागदावरसुद्धा?"

हे पेनाचं टोपण लावत बसले. मग म्हणाले, "अगं, माझ्या हद्दीत एकही माणूस गेलेला नाही. इतकी वर्षं. सगळे सकाळी आले आणि संध्याकाळी घरी गेले. दुसरं काय केलंय मी आयुष्यात?"

पण सोमवार तोंडावर आला होता. मी म्हटलं, "मग मला मारा. मी घरची आहे, माझी तक्रार नाही."

रविवारी सकाळी वरच्या खोलीतून उतरायला निघाले तर जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली आणि मधे पाटी लटकवलेली: 'पायरीवर तेल आहे. उतरू नये.' खाली हे मापपट्टी घेऊन बसले होते.

"तेल सांडलं की पाय किती सरकतो ते बघतोय. तुझ्या खुनासाठी."

"मग पाटी कशाला?"

"तू पडशील ना."

दोरी सुटेपर्यंत मी वरच अडकून पडले. चहासुद्धा ह्यांनी टोपलीतून वर पाठवला, तोही झाकण लावून. दिवसभर खालून लिहिण्याचा आवाज नाही, नुसते उसासे.

सोमवारी ते आंघोळीला गेले तेव्हा मी प्रकरण वाचायला घेतलं. गोष्टीत शिवणवर्ग चालवणारी एक बाई होती, रागीट पण दिसायला बरी. ती उठायच्या आत खुनी जिन्यावर तेल ओततो. बाई उठते, चप्पल घालते, जिन्याकडे येते. आणि तिच्या आधी तिचा नवरा पुढे होतो, कारण रोज ती उतरायच्या आत तो सगळ्या पायऱ्या स्वतः उतरून बघतो. लग्न झाल्यापासून बघतो. तिला हे माहीत नाही. तो पडतो आणि मरतो.

मी कागद हातात घेऊन न्हाणीघराच्या दाराशी गेले. "अहो, ह्याला जिवंत करा."

"कुणाला?" आतून आवाज आला.

"त्या नवऱ्याला. जाळी लावा, गादी टाका, काहीही करा. गेली उडत ती संपादकबाई."

"सकाळीच फोटो काढून पाठवलं मी ते," हे म्हणाले. "आणि तुला प्रेत हवं होतं ना?"

दुपारी बाईंचा फोन आला. "काका, रडवलंत. पुस्तक आपण काढतोय. पुढचं प्रकरण लवकर द्या." हे घरभर फिरले, दिरांना फोन केला, पुन्हा आरशासमोर जाऊन आले. मी मात्र जिवंत नवऱ्यासमोर विधवेचं तोंड करून बसले होते. मला खूप रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

संध्याकाळी ते वही घेऊन माझ्याजवळ आले. "आता खुन्याला त्या बाईनंच शोधायचं. पण सुरुवातीला ती काय करेल ते मला सुचत नाही."

"आधी तिला राग येईल," मी म्हटलं.

"खुन्याचा?"

"नवऱ्याचा. तिला न सांगता एकटाच पुढे गेला म्हणून."

त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. "मग?"

"मग ती जेवायला दोन ताटं घेईल. आणि एक परत ठेवेल."

ह्यांनी वही मिटली. "हे मी लिहिणार नाही."

"लिहा," मी म्हटलं. "खरंच वेळ आली तर मी हे सांगणार कुणाला?"