कच्चं चाक

नागुबाईनं चाकाच्या पहिल्या आऱ्यावर बत्ता हाणला आणि कान जवळ नेला. खणखणीत. दुसराही खणखणीत. तिसऱ्या आऱ्यावर तिनं दोनदा हाणलं. त्याचा आवाज बसलेला होता, पडसं झालेल्या माणसासारखा.

"ह्ये काय, बन्सीधर?"

बन्सीधर सुतार लिंबाखाली पटाशीला धार लावत बसला होता. दोन वर्षांनी ही बाई त्याच्या अंगणात आली होती, तीही घरचा बत्ता हातात घेऊन. तो उठून उभा राहिला.

"नवं चाक हाय, बाई. लोखंडी धाव कालच चढिवली."

"नवं हाय म्हून मुकं असतंय व्हय?"

तिचा धाकटा सांबप्पा छकड्याच्या आसाला वंगण लावत होता. कोपरापर्यंत हात काळे. छकडा म्हणजे नुसती दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्याला बूड टेकायपुरती फळी. पटात पळवायचा म्हणून जड असं काही ठेवायचंच नाही. उद्या मंगळवारी पालमच्या वाटेवरल्या माळावर शंकरपट होता, बैलांच्या छकड्यांची शर्यत. तहसिलातून इजाजत आली आणि सांबप्पानं आईला न विचारता नाव देऊन टाकलं. चाकं कुणाकडून करून घेतली, हे तर तिला आज सकाळी आडावर दुसऱ्या बायकांनी सांगितलं. तेच जास्त झोंबलं.

"साऱ्या मुलखातले सुतार मेले व्हते का रं?"

"दादाच्या बैलाची चाल ह्यान्लाच ठाव हाय, अव्वा."

"ह्याच्याच चाकानं नेला की तुज्या दादाला."

बन्सीधर खाली बघत राहिला. मन्मथअप्पा, तिचा थोरला, दोन वर्षांमागं भर पटात चाक मोडून छकड्याखाली आला होता. मळ्याच्या बांधावर त्याची समाधी होती. तेराव्या दिवशी नागुबाई चावडीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली होती, ह्या सुतारानं माझं लेकरू खाल्लं. त्यानंतर वखराचा दांडासुद्धा कुणी या अंगणात आणला नाही. बन्सीधरनं उलटून एक शब्द काढला नव्हता.

"जाऊ नको म्हणले तर ऐकणार न्हाईस?"

"बैल उतरतीला लागलेत, अव्वा. पळले तर औंदाच पळतील. दादाचे बैल दावणीलाच म्हातारे करू का?"

त्या बैलांना रोज सरकी तीच घालायची. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. तिनं बत्ता पुन्हा त्या तिसऱ्या आऱ्यावर टेकवला.

"मग ह्येचं काय करायचं?"

"धाव आवळली, पर लाकूड आजून जागी बसलं न्हाई," बन्सीधर म्हणाला. "वर माणूस बसवून कोसभर चालिवलं की आरे बसत्यात. मग पाचरा ठोकायच्या. मग ह्यो बी वाजतो."

"मग चालीव की."

बन्सीधर पटाशीची धार अंगठ्यानं उगाच चाचपत राहिला.

"आज सोमवार हाय, बाई."

नागुबाईचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. सोमवार महादेवाचा. त्या दिवशी तिच्या घरचा बैल जुवाखाली जात नसे. सासूनं घालून दिलेला नेम तिनं चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. हेच शब्द याच लिंबाखाली आधी एकदा बोलले गेले होते. तेव्हा ते तिच्या तोंडून आले होते.

"ऱ्हाऊ द्या," सांबप्पा हात पुसत म्हणाला. "उद्या वाटंनं जाता जाता बसंल चाक. काय व्हत न्हाई, अव्वा."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा हात पुसता पुसता थांबला.

"जू बांद," ती म्हणाली.

"बैल?"

"बैल सोमवारी जुपायचे न्हाईत. माणसाचं कुणी सांगितलंय?"

तिनं पदराची घडी करून खांद्यावर ठेवली आणि जुवाच्या उजव्या अंगाला खांदा दिला. जू डावीकडे कललं.

"वर बैस."

"अव्वा, लोक बगायलेत."

"बगू दे. त्येंच्या बापाचं जू न्हाई."

बन्सीधरनं पटाशी बुंध्याला टेकवली आणि डाव्या अंगाला खांदा लावला. सांबप्पा मान खाली घालून फळीवर बसला. चाकं करकरली आणि फिरली.

चावडीवर गावातला रिकामटेकडा कल्याणराव बसला होता. त्याला राहवेना.

"नागुबाई, बैल इकले का काय?"

"न्हाई. तुज्यावानी एखादा मोकाट घावला की त्येला बी जुपते."

चावडी हसली. कल्याणराव तेवढ्या हसण्यावर उठून छकड्याच्या मागं मागं चालू लागला.

ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं तीनदा. वाट मळ्याच्या बांधावरून जायची. समाधीपाशी नागुबाईनं मान वळवली नाही. नुसतं पाऊल आखडलं. तिकडं बन्सीधरनंही आपलं आखडलं.

अंगणात परत आल्यावर त्यानं तिसऱ्या आऱ्याच्या बुडाशी पाचर लावली आणि ठोकली. पाचर बोटभर आत गेली. त्यानं हातोड्याचं टोक आऱ्यावर आपटलं. खणखणीत.

सांबप्पा त्या बोटभर जागेकडे बघत राहिला. मन्मथअप्पाचं चाक झालं त्या दिवशी तो सेलूच्या बाजारात होता. इथं काय बोलणं झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, दादाच्या चाकाला बी पाचर इतकीच गेली असती?"

बन्सीधरनं दुसरी पाचर शोधायला खाली बघितलं. ती त्याच्या हातातच होती.

"तवा तुमी सांगितलं न्हाई का, चालवून बगा म्हून?"

"ऊन चढायलंय, सांबप्पा. चाक धर."

"सांगितलं व्हतं त्यानं," नागुबाई म्हणाली. दारात येऊन थांबलेल्या कल्याणरावला ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं. "हात जोडून सांगितलं व्हतं. सोमवार व्हता. मीच बैल जुपू दिले न्हाईत."

बन्सीधर पाचर धरून तसाच उभा राहिला, ती ठोकायची असते हे विसरल्यासारखा.

नागुबाईनं बत्ता उचलला आणि चौथ्या आऱ्यावर हाणला. कान जवळ नेला. आवाज केव्हाच विरला, तरी तिनं डोकं चाकावरून उचललं नाही.