हद्दूचं परसू

"भावजी, थडगं खणताय का वाफा?" इज्जानं खालच्या बांधावरनं हाळी दिली.

हद्दू गुडघ्याएवढ्या खड्ड्यात उभा होता. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात कांद्याचं रोप.

"कांदा लावतोय, वैनी."

"लावताय का पुरताय?"

हद्दूनं खड्ड्याकडं बघितलं, मग रोपाकडं बघितलं. आणि निम्मी माती परत लोटली.

आमच्या डोंगरात बार्ली आणि अक्रोड बाप्यांचे, परसू बायांचं. हद्दूनं जन्मात खुरप्याला हात लावलेला नव्हता. पण ऐन बदाम फुलायच्या वक्ताला त्याची लेक खाली मराकेश शहरात बाळंतपणाला टेकली, आणि त्याची बायको तूडा तिकडं गेली. कुठल्या पुरचुंडीत कुठलं बी, ते तिनं गाडीच्या खिडकीतनं जाताजाता सगळं सांगितलं. हद्दूनं मान डोलावली. ऐकलं काहीच नव्हतं.

परसू पडीक ठेवूनही चाललं असतं, पण पाण्याची भानगड होती. बर्फाचं पाणी वरनं पाटानं येतं आणि पाळीपाळीनं मिळतं. बदामाचा फुलोरा झडेपर्यंत ज्याच्या परसात पीक दिसणार नाही, त्याची उन्हाळ्याची पाळी खालच्याला जाते. खालची होती इज्जा. विधवा बाई, घरात खाणारी तोंडं चिक्कार, आणि तिचा कांदा दर उन्हाळ्यात करपायचा. म्हणून ती बांधावर रोज यायची. बघायला.

हद्दूनं मराकेशला फोन लावला. पलीकडं बायका ढोल बडवत होत्या.

"अगं, ते बारीक काळं बी कशाचं हाय?"

"पोरगी झाली!" तूडा ओरडली.

"बरं झालं. पर ते बारीक काळं..."

"कुणावर गेलीया म्हून इचारताय? तुमचंच नाक हाय!"

फोन बंद झाला. हद्दू जरा वेळ नाक चाचपत बसला. मग त्यानं सगळ्या पुरचुंड्या एका परातीत सोडल्या, बी हातानं कालवलं, बिस्मिल्ला म्हणून परसभर फेकलं, वर माती ओढली आणि पाणी सोडलं.

पाणी कोरड्या मातीत शिरलं तसा वास उठला. हद्दू तिथंच उकिडवा बसला. मशिदीच्या भिंतीला पाठ लावून बसणारे त्याचे सोबती वाट बघून घरी गेले, तरी हा तिथंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो बघायला गेला. काही उगवलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हतं. मग त्यानं घेवड्याचा एक दाणा उकरून बघितला. दाण्याला पांढरा मोड आला होता. हद्दूनं तो परत पुरला, माती थोपटली आणि म्हणाला, "माफ कर."

"कुणाशी बोलताय?" बांधावरनं इज्जा.

"कुणाशी न्हाई."

हळूहळू जमीन हिरवी झाली. कोंबड्या येऊ नयेत म्हणून त्यानं भोवतीनं काट्या रोवल्या. मशिदीच्या भिंतीजवळचे ते म्हातारे सोबती चहाची किटली घेऊन परसातच येऊन बसायला लागले. हे काय उगवलं, यावर वाद. एक म्हणायचा गाजर, दुसरा म्हणायचा गाजरगवत. उपटून कुणी बघायचं नाही, हद्दूची सक्त ताकीद होती.

फुलोरा झडला आणि पाटाच्या पाळ्या वाटणारा पाटकरी ऊबाहा बघायला आला. मागनं गाव.

ऊबाहानं परसू खालवर बघितलं. "हद्दू, ओळ कुठाय?"

"ओळ न्हाई."

"मग हे पीक कसं म्हणायचं? गवतबी असंच उगवतं."

"गवत मी पेरलं न्हाई, बाबा."

"गवत कुणीच पेरत न्हाई," ऊबाहा म्हणाला. मग त्यानं इज्जाला पुढं बोलावलं. "बाई, तू सांग. गवत म्हणलीस तर पाणी तुझं."

इज्जा वाफ्यात उतरली. वाकली. एक पान खुडून चघळलं, थुंकलं. दुसरं चुरगाळून हुंगलं. खाली तिच्या कांद्याच्या पाती आत्ताच टोकाला पिवळ्या पडत होत्या, ते उभ्या गावाला दिसत होतं.

"हे सलगम," ती म्हणाली. "ही कोथिंबीर. ह्यो घेवडा. आन ह्यो लसूणघास, गुरांचा. सगळं एका वाफ्यात." ती कंबर धरून उठली. "पेरणारा येडा हाय, बाबा. पर पेरलंय."

"पाळी हद्दूची," ऊबाहा म्हणाला आणि पुढच्या परसाकडं गेला.

लोक पांगले. हद्दू इज्जाच्या मागं बांधापर्यंत गेला.

"वैनी," तो म्हणाला, "एवढं पाणी मला काय करायचंय? निम्म्या पाळीला मी बांधाची मोरी फोडतो. खाली घ्या."

"मी मागितलं न्हवतं."

"म्या कुठं म्हणलं मागितलं?"

इज्जा बांध उतरून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "कोथिंबीर इरळा. कुत्र्याच्या केसावानी झालीया."

तूडा परत आली तेव्हा घेवड्याला शेंगा लोंबत होत्या. गाडीतनं उतरली ती तशीच परसात आली आणि बराच वेळ उभी राहिली. सलगमात लसूणघास, लसूणघासात कांदा. हद्दू बाजूला उभा. नातीच्या नाकाबद्दल विचारावं का, असा त्याच्या मनात विचार चालला होता.

तूडानं पदर खोचला, खुरपं घेतलं आणि खाली बसली. हद्दूनं दुसरं खुरपं घेतलं आणि शेजारी बसला. तिनं त्याच्याकडं बघितलं, खुरप्याकडं बघितलं.

"आवं, ते नगा काढू," थोड्या वेळानं ती म्हणाली, "ती कोथिंबीर हाय."

"म्हायती हाय," हद्दू म्हणाला. आणि कोथिंबिरीच्या बुडातलं गवत त्यानं नेमकं उपसून काढलं.