सतरा नंबरची डबी

कुलूपवाल्याला मित्रमंडळी ‘गुरुजी’ म्हणत आणि तो म्हणू देत असे. सगळं त्रांगडं तिथूनच सुरू झालं.

हे गुरुजीपण त्याला जिओकॅशिंगमुळं मिळालं होतं. या खेळात कुणीतरी एक डबी कुठंतरी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश मोबाईलच्या ॲपवर टाकतं, आणि मग चांगली धडधाकट, कमावती, लेकुरवाळी माणसं सुट्टीच्या दिवशी ती शोधायला झुडपांत शिरतात. डबीत एक चिमुकली वही असते. वहीत सही करायची, डबी होती तिथं ठेवायची, ॲपवर ‘सापडली’ असं लिहायचं आणि घरी येऊन अंगातली कुसळं काढत बसायचं. बक्षीस काहीही नाही. म्हणूनच माणसं इतकी इरेला पेटतात.

गावातली सगळ्यांत छळवादी मालिका एका निवृत्त सर्व्हेअरनं मांडली होती. निवृत्तीनंतर माणसं बागेत खुरपी घेऊन बसतात, यानं लोकांच्या कमरा मोडायचं मनावर घेतलं. चोवीस डब्या, एकाहून एक खाष्ट. आणि आता त्यानं नवीन टूम काढली होती: चोवीसच्या चोवीस एकाच दिवसात शोधायच्या, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि प्रत्येक वहीत त्या तारखेची सही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः हिंडून वह्या तपासणार होता.

‘वह्या तपासणार’ हे वाचलं आणि गुरुजींनी फोन टेबलावर पालथा घातला. सतरा नंबरच्या वहीत त्यांची जुनी सही नव्हती. कशी असेल? सतरा नंबरची डबी त्यांना कधी सापडलीच नव्हती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याची धाकटी बहीण मिळून सतरा नंबरला गेले. जागा म्हणजे एक बंद पडलेलं पंपघर: विटांची खोली, लोखंडी दार आणि दाराला तळहाताएवढं कुलूप. ॲपवर सर्व्हेअरनं सूचना लिहिली होती, ‘दार उघडण्याची गरज नाही.’ आता असलं वाक्य कुलूपवाल्यानं वाचावं आणि गप्प राहावं, हे कसं शक्य आहे? त्याला वाटलं, म्हातारा हूल देतोय. पाच मिनिटांत त्यानं कुलूप उघडलं आणि पुढचे चार तास आत अंधारात, गंजक्या पाइपांच्या खाली वाकून काढले. बहीण बाहेरून हाका मारत होती. तिला सगळे छोटी म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची आणि तिची नजर घारीची होती. त्यानं तिला दोनदा गप्प बसवलं, तिसऱ्यांदा सरळ घरी जायला सांगितलं. ती गेली. संध्याकाळी हा पठ्ठ्या काळाठिक्कर होऊन, हात हलवत बाहेर आला. अर्ध्या गावाची कुलपं उघडलेला माणूस एका डबीपुढं हरला, हे काही त्याला गिळवेना. घरी पोचल्यावर त्यानं ॲपवर लिहिलं: ‘सापडली. सोपी आहे. फक्त वाकावं लागतं.’

अर्ध्या तासानं त्याच्या खालोखाल छोटीनं लिहिलं: ‘सापडली. वर बघा.’

आली का पंचाईत? एक तर खाली, नाही तर वर. पुढच्या आठवड्यात मंडळी चहाला जमली, तेव्हा दोघांपैकी खरं कोण असं कुणीतरी गमतीनं विचारलं. त्यावर याचं पित्त खवळलं. काही लोक डबी न बघताच ‘सापडली’ म्हणून ठोकून देतात, तो बारा माणसांसमोर म्हणाला, आणि ते लोक आपल्याच घरात निघावेत याचं वाईट वाटतं. वर गुरुजींचा शब्द. कुणी शंका घेतली नाही. छोटी काहीतरी सांगायला उठली होती, त्यानं तिला तोंड उघडू दिलं नाही. ती कप खाली ठेवून निघून गेली, आणि पुन्हा त्या मंडळात आली नाही. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं आईच्या औषधांपुरतं उरलं. गोळ्या आणल्यास का? आणल्या. संपलं.

मनातून तो जळत होता, यात शंका नाही. पण कबूल करायला जी हिंमत लागते ती त्याच्या दुकानात कुठल्याच खणात नव्हती. एकटा तीनदा पंपघराला जाऊन आला. तिन्ही वेळा वाकूनच शोधलं, कारण ‘वाकावं लागतं’ हे इतक्यांदा सांगून झालं होतं की त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं होतं.

एका दिवसात चोवीस करायची तारीख ब्रेकबाईंनी ठरवली. मंडळातल्या या बाई ड्रायव्हिंग शिकवत. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि तो त्या आयुष्यात सगळीकडे वापरत. तिसरा भिडू दाताचा डॉक्टर, बांबूसारखा उंच आणि तितकाच घाबरट. गुरुजी नाही म्हणू शकले असते, पण गुरुजींनी नाही म्हणायचं तरी कसं? त्यांनी आपला बेत केला: सतरा नंबरला सगळ्यांच्या आधी पोचायचं, कशीही करून डबी शोधायची आणि वहीत हळूच दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून सही ठोकायची. त्यासाठी खिशात एक जुनं, फिकट शाईचं पेन घेतलं होतं. लबाडी करावी ती नीट करावी, असा त्यांचा बाणा.

उजाडायला ब्रेकबाईंची गाडी निघाली. टपावर शिकाऊ चालकाची पाटी, त्यामुळं रस्त्यावरचा जो तो हॉर्न मारून पुढं जाई, आणि प्रत्येक हॉर्नला बाई आतून आशीर्वाद देत. पुलाच्या कठड्यावर नऊ नंबरची डबी एका खोट्या बोल्टच्या पोटात होती. डॉक्टरांनी चांगला खरा बोल्ट पिळून काढला आणि कठडा हलायला लागल्यावर तो पुन्हा बसवण्यात वीस मिनिटं गेली. बारा नंबर एका बाकाखाली होता आणि बाकावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिघं आळीपाळीनं त्यांच्या पायाशी बुटाची नाडी बांधून आले. चौथ्यांदा आजोबांनी पेपरातून डोकं न काढता डबी काढून हातात दिली आणि सांगितलं की डबी घ्या, पण आता जा. पाव-जॅम गाडीत खाल्ला. डॉक्टरांची विजार फाटली. दुपारी चारपर्यंत वीस झाल्या.

एका गोष्टीवर मात्र सकाळपासून तिघांचं नवलाचं एकमत होतं: सतरा नंबर शेवटी ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, ती बाजू उन्हाची आहे. ब्रेकबाई म्हणाल्या, तिकडं गाडी वळवायला जागा नाही. गुरुजी म्हणाले, सोपी आहे, शेवटी बरी. तिघांनीही एकमेकांची कारणं फार चटकन मान्य केली.

पंपघरापाशी पोचले तेव्हा सूर्य मावळायला पाऊण तास होता. गाडी थांबली आणि तिन्ही दारं एकदम उघडली. गुरुजी म्हणाले, तुम्ही दमलात, बसा, मी बघून येतो. डॉक्टर म्हणाले, छे, तुमचं वय काय, मी जातो. ब्रेकबाई तर धावतच सुटल्या. मग दोघंही त्यांच्यामागून धावले.

आणि पुढची वीस मिनिटं काय चाललं होतं म्हणता? तिघंही पार वाकून, डोकी गवतात घालून, पंपघराभोवती फिरत होते. डबी आपल्याला माहीतच आहे, असा आव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता, आणि दुसऱ्यानं ती काढावी म्हणून प्रत्येक जण वाट बघत होता. शेवटी डॉक्टर कंबर धरून भिंतीला टेकले. रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसानं आज स्वतः उघडलं.

“मला ही सापडलेली नाही,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी दीड तास वाकलो होतो. गुरुजी सोपी म्हणतात, आणि आपल्याला दिसत नाही हे लिहायची लाज वाटली. लिहून टाकलं, सापडली.”

ब्रेकबाईंनी त्यांना फैलावर घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या की त्या तर गाडीतून उतरल्याही नव्हत्या. समोरच्या काचेतून पाहिलं, वाकणं काही आपल्या गुडघ्यांचं काम नाही असं ठरवलं, आणि लिहिलं, ‘सापडली, धन्यवाद.’

दोघांनी मग गुरुजींकडे पाहिलं. आता तेच एक खरे. सांगा, कुठाय?

कबुलीला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? पण गुरुजींनी पुन्हा गवतात डोकावल्यासारखं केलं. जागा बदललेली दिसते, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि छोटीला आठवत असेल असं म्हणत त्यांनी फोन काढला. औषधांचा विषय नसताना तिला फोन करायची ही दोन वर्षांतली पहिली वेळ. त्यानं सतरा नंबरला उभा आहे एवढंच सांगितलं. पलीकडे काचा घासायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. ती थांबली.

“दहा मिनिटांत येते,” छोटी म्हणाली.

ती स्कूटरवरून आठ मिनिटांत आली. दुकानातला एप्रन अंगावर तसाच, बोटांना पांढरी भुकटी. डॉक्टर आणि बाई ओशाळून बाजूला झाले. तिनं कुणाला काही विचारलं नाही. लोखंडी दारासमोर उभी राहिली आणि वर बोट केलं. दाराच्या डोक्यावर दिव्याची पत्र्याची टोपी होती, वर्षानुवर्षं बंद. तिघांनीही आयुष्यात एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

“वाक,” ती भावाला म्हणाली. “वाकावं लागतं, असं तूच लिहिलंयस ना?”

डॉक्टरांनी नुसता हात वर केला असता तरी पोचला असता, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. तो वाकला. ती चपलांसकट त्याच्या खांद्यावर चढली, आणि तो कण्हला तरी तिनं घाई केली नाही. टोपीच्या आतून एक डबी काढली आणि उतरताना ती डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी वही उघडली. जवळजवळ कोरी करकरीत. साऱ्या गावानं ‘सापडली’ लिहिलेल्या डबीच्या वहीत पहिल्या पानावर दोनच नावं होती. डॉक्टरांनी ती मोठ्यानं वाचली. पहिलं ‘हजार चाव्या’, म्हणजे गुरुजींचं ॲपवरचं नाव. त्याखाली ‘छोटी’. तारीख दोन वर्षांपूर्वीची, त्याच दिवसाची.

ब्रेकबाईंचे डोळे भरून आले. म्हणजे गुरुजी खरे होते, त्या म्हणाल्या, आणि आम्ही मेले खोटारडे. डॉक्टरांनी तर पुढं होऊन त्यांचा हातच हातात घेतला. छोटीही खरी होती, मग भांडण कशाचं होतं, असं काहीतरी दोघं बोलत होते. गुरुजींना ते ऐकू येत नव्हतं. ते त्या पानाकडे बघत होते. बारीक, गोल, सुटी अक्षरं. चष्म्याच्या पाकिटांवर ती नंबर लिहिते तसली. तो आत पाइपांखाली रांगत होता तेव्हा ती स्कूटरच्या सीटवर उभी राहून डबी काढत होती. हाका मारत होती ती हेच सांगायला. आणि त्यानं घरी जा म्हटल्यावर जाण्याआधी तिनं दोघांची नावं लिहिली होती, त्याचं वर, कारण तो मोठा.

ती एप्रनला बोटं पुसत उभी होती. ती काही बोलणार नाही, हे त्याला कळलं. त्यानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर ती जन्मभर गप्प बसली असती, आणि तो जन्मभर गुरुजी राहिला असता. एवढी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

“ते अक्षर माझं नाही,” तो म्हणाला. “हिचं आहे. मला ही डबी कधी सापडलीच नव्हती. मी खोटं लिहिलं, आणि ते लपवायला हिला तुम्हा सगळ्यांसमोर खोटं पाडलं.”

 डॉक्टरांनी त्याचा हात सोडला. त्यानं वही घेतली, पेन काढलं आणि वरचं नाव खोडायला टेकवलं. छोटीनं त्याचं मनगट धरलं.

“ते खोडू नकोस. मी खोटं लिहीत नाही,” ती म्हणाली. “आपण दोघं आलो होतो. तू मूर्खासारखा आत होतास, पण होतास.”

त्याला रडू फुटलं, आणि डॉक्टर आणि बाई सभ्य माणसांसारखे सूर्याकडे बघू लागले. सूर्य जेमतेम बोटभर उरला होता. ब्रेकबाईंनी घड्याळ दाखवून सगळ्यांना दटावलं, तेव्हा त्यानं नाक पुसलं आणि पान उलटून, आजची तारीख घालून, स्वतःच्या हातानं सही केली. छोटीनं ती उजेडाला धरून पाहिली, मान हलवली आणि म्हणाली की दादा, हे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. मग तिनं पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सहीच्या खाली आपल्या गोल अक्षरांत लिहिलं, ‘हा माझा भाऊ आहे.’